नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर

दसऱ्या-पाडव्याला नगरच्या सावेडीत नव्या गाड्या येतात. माळीवाड्याच्या विशाल गणपतीपुढे नारळ फुटतो, बॉनेटवर हार चढतो आणि कंपनीची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात जाऊन पडते. ती पुन्हा बाहेर निघते पहिल्या पंक्चरच्या दिवशी, जॅक कुठे ठेवलाय ते बघायला. तोवर सल्ला देण्याचं काम शेजारच्या काकांकडे असतं: "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर काढू नकोस." इंजिनाचं काम करून घेतलं असेल तर गॅरेजमधून निघताना मिस्त्रीही तेच सांगतो, "सांभाळून चालवा, साहेब."

सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग सावेडीतलं सांभाळणं असं होतं: सकाळी गुलमोहर रोडनं मुलांना शाळेत सोडायचं, येताना पाइपलाइन रोडला भाजी घ्यायची, प्रोफेसर कॉलनी चौकातल्या गर्दीतून वाट काढत घरी यायचं. इंजिन पुरतं गरम होण्याआधी गाडी परत गेटच्या आत. महिना-दोन महिने असेच जातात, ॲक्सिलरेटर एकदाही अर्ध्यापर्यंत दाबला जात नाही, आणि मालक समाधानी असतो की आपण गाडी किती जपली. माझं स्पष्ट मत आहे की नव्या इंजिनाला, त्यातही सिलिंडर बोअर करून नव्यानं बांधलेल्या इंजिनाला, याहून वाईट सुरुवात मिळू शकत नाही.

काकांचा सल्ला हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करू. त्यांनी चालवायला सुरुवात केली ती लुनावर. १९७२ साली बाजारात आलेली कायनेटिकची ही गाडी म्हणजे नगरच्या घरचीच. तिचं इंजिन टू-स्ट्रोक. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून जायचं. नव्या टू-स्ट्रोकला सुरुवातीला ऑइल थोडं जास्त आणि रेस थोडी कमी, हा नियम तिथं बरोबरच होता. (लुनाला चाळीसच्या वर जाऊ नकोस असं बजावण्याची वेळ क्वचितच येत असेल, ते सोडा.) पुढं त्यांच्या हाताखाली प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसिडर आल्या. त्यांच्या इंजिनांचं मशिनिंग आजच्या मानानं ओबडधोबड होतं. सुटे भाग एकमेकांना घासून जागा करून घ्यायचे, त्यात उष्णता व्हायची, आणि घाई केली तर पिस्टन सिलिंडरला पकडायचा. म्हणून मागच्या काचेवर "रनिंग-इन" अशी पाटी लावून लोक रस्त्याच्या कडेनं गाडी चालवत. आताची इंजिनं वेगळी आहेत, सल्ला मात्र तोच राहिला.

इंजिन रुळण्याची क्रिया घडते ती मुख्यतः पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये. बोअर केल्यावर भिंतीवर होनिंगनं तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघांची टोकं सुरुवातीला धारदार असतात. रिंग त्यांच्यावरून फिरते, टोकं झिजून सपाट होतात, आणि खालच्या खाचांत ऑइल टिकून राहतं. रिंग आणि भिंत अशी एकमेकींना जुळली की वरचा दाब खाली निसटत नाही आणि खालचं ऑइल वर चढत नाही. गॅरेजच्या भाषेत, रिंगा बसल्या.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रिंगेचा स्वतःचा ताण फारसा नसतो. तिला भिंतीवर जोरात दाबतो तो जळणाऱ्या वायूचा दाब; तो रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. हा दाब मिळतो इंजिनावर भार आल्यावर, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर. नुसतं आयडलिंग केलं किंवा तिसऱ्या गिअरमध्ये तीसनं गाडी सरकवली तर दाब तयारच होत नाही. रिंग ऑइलच्या थरावरून नुसती घसरत राहते, भिंतीवर राहिलेलं ऑइल उष्णतेनं जळून त्याचं कडक पॉलिश चढतं, आणि होनिंगच्या खाचा भरून जातात. यालाच ग्लेझ धरणं म्हणतात. एकदा ग्लेझ धरली की गाडी ऑइल खायला लागते, आणि पुढं कितीही जोरात चालवली तरी बहुतेक वेळा उपाय एकच उरतो: इंजिन उघडून पुन्हा होनिंग आणि नव्या रिंगा. डिझेल इंजिनं या दुखण्याला जास्त बळी पडतात.

दुसऱ्या टोकाची चूकही आपल्या जिल्ह्यात आता सहज करता येते. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो. शिर्डी ते नागपूर हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये महामार्ग मुंबईच्या बाजूलाही पूर्ण झाला. नवी गाडी घेऊन शिर्डीला दर्शन, तिथून समृद्धीवर चढून क्रूझ कंट्रोलवर १२०, असा बेत अनेकांचा असतो. तासन् तास एकाच वेगात, एकाच आरपीएमवर इंजिन ठेवणं हे रुळवण्याच्या दृष्टीनं निरुपयोगी, आणि वेग मोठा असेल तर धोक्याचंही. इंजिनाला हवा असतो बदलता भार: थोडा जोर, मग विश्रांती, पुन्हा जोर.

शोरूममधून आलेल्या नव्या गाडीबद्दल फार लिहायची गरज नाही. कारखान्यात आता होनिंगची धारदार टोकं आधीच कापून सपाट केलेली असतात, इंजिनही तपासून मगच गाडीत चढतं. उरलेलं काम पुस्तिकेत दिलंय. मारुती सुझुकीच्या पुस्तिकांत ९६० किलोमीटरचा आकडा असतो; तो विचित्र वाटला तरी ६०० मैलांचा हिशेब आहे. ह्युंदाई पहिल्या हजार किलोमीटरला इंजिन २००० ते ४००० आरपीएमच्या दरम्यान ठेवायला सांगते. टोयोटा आणि होंडाही हजाराच्याच आसपास. सगळ्यांचं म्हणणं जवळपास सारखं: ॲक्सिलरेटर तळाला दाबू नका, एकाच वेगात फार वेळ जाऊ नका, मागे काही ओढू नका. आरपीएम पडलेला असताना वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कुंथायला लावू नका, ही माझी भर. पहिले ३०० किलोमीटर ब्रेकही करकचून मारू नका. पॅड आणि डिस्क यांनाही एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. नव्या गाडीचं ऑइल मात्र उत्साहानं लवकर बदलायला जाऊ नका. होंडा तर स्पष्टच लिहिते की ठरलेल्या वेळेआधी ऑइल बदलू नये. पुस्तिका आणि शेजारी यांत मतभेद झाला, तर वॉरंटी पुस्तिकेच्या बाजूनं असते एवढं ध्यानात ठेवा.

आणि पहिल्या महिन्यात ॲव्हरेजवरून भांडू नका. गाड्यांना मान्यता देण्याआधी तपासणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, डीआरडीओची व्हीआरडीई, आपल्याच नगरमध्ये आहे. अशा चाचण्यांच्या जगात नवीकोरी गाडी लगेच मोजत नाहीत. युरोपच्या धूरचाचणीच्या नियमावलीत गाडी आधी किमान ३,००० किलोमीटर चाललेली असावी अशी अट आहे. तुम्हीही निदान तेवढं थांबा.

खरा प्रश्न असतो इंजिनकाम केलेल्या गाडीचा. नगर-पुणे रस्त्यावरच्या रांजणगावला फियाटच्या कारखान्यात १.३ मल्टीजेट डिझेल इंजिन बनायचं. त्याच घराण्याचं इंजिन मारुतीनं डीडीआयएस नावानं स्विफ्ट-डिझायरला घातलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीनं डिझेल गाड्याच बंद केल्या. त्यामुळे ज्यांच्याकडे जुनी चांगली डिझेल गाडी आहे ते ती विकण्याऐवजी इंजिन बांधून घेतात. बोअर, नव्या रिंगा-पिस्टन, क्रँक घासून अंडरसाइझ बेअरिंग, हेडला फेसिंग, व्हॉल्व्ह घासणं, टर्बोचं काम, सगळं धरून बिल मोठं होतं. हा पैसा पुढं वसूल होणार की वाया जाणार, याचा निम्मा निकाल गाडी रस्त्यावर येण्याआधीच लागलेला असतो.

म्हणून इंजिन जोडून बंद होण्याआधी गॅरेजला एक चक्कर मारा. लेथवाल्याकडून ब्लॉक परत आला की तो डिझेलनं धुऊन हवा मारतात आणि बसवायला घेतात. एवढं पुरत नाही. होनिंगच्या दगडाची बारीक भुकटी डिझेलनं निघून जात नाही, ती रेघांत अडकून राहते आणि नव्या रिंगांना पॉलिशपेपरसारखी खाते. ब्लॉक गरम साबणाच्या पाण्यानं, ब्रशनं घासून धुवायला हवा, लगेच कोरडा करून भिंतींना ऑइल लावायला हवं. मग पांढरं स्वच्छ फडकं आत फिरवा. ते करडं निघालं तर पुन्हा धुवा. ऑइल जाण्याचे मार्गही प्लग काढून साफ झाले का, ते विचारा. मिस्त्रीला राग येईल, येऊ द्या. नगरच्या उन्हाळ्यातल्या धुळीत उघड्या शेडमध्ये इंजिन बांधलं जात असेल तर रात्री ते झाकून ठेवतात का, हेही बघा.

पहिल्यांदा चालू करण्याआधी इंजिनात ऑइल फिरलेलं असलं पाहिजे. त्यासाठी पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून आणि पेट्रोल बंद करून, डिझेल गाडीत इंजेक्टरची जोडणी सोडवून, स्टार्टर थोडा थोडा वेळ फिरवतात. ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्यायचं. टर्बो असेल तर त्याच्या नळीतही आधी ऑइल घातलेलं हवं, नाहीतर पहिल्या काही सेकंदांतच त्याचं बेअरिंग कोरडं फिरतं. बेअरिंगांना रुळवावं लागत नाही. ती ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत असतात. त्यांना फक्त कोरडं फिरू द्यायचं नसतं.

इंजिन चालू झालं की दहा सेकंदांत दिवा गेला नाही तर बंद करा, चर्चा नंतर. दिवा गेला तर ॲक्सिलरेटर थोडा वर, १५०० ते २००० च्या दरम्यान कमी-जास्त करत पंधरा-वीस मिनिटं. गळती, तापमान, विचित्र आवाज यांवर लक्ष ठेवा. पद्मिनी, अँबॅसिडर किंवा जुन्या जीपसारखी सपाट टॅपेटची इंजिनं असतील आणि कॅमशाफ्ट नवी असेल तर हा काळ अर्ध्या तासापर्यंत न्यायचा आणि त्यात आयडलवर अजिबात आणायचं नाही. कॅमला ऑइल उडतं ते वेगामुळे. काही गॅरेजांत इंजिन चार-चार तास आयडलवर ठेवून "रनिंग काढतात". कृपया हे करू देऊ नका. ग्लेझ धरण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. कूलंटची पातळी बघा. थर्मोस्टॅट उघडल्यावर अडकलेली हवा सुटते आणि पातळी उतरते. इथं बोअरवेलचं पाणी ओतू नका. आपल्याकडचं बोअरवेलचं पाणी जड असतं, रेडिएटरमध्ये त्याचा क्षार बसतो, आणि घट्ट बांधलेल्या नव्या इंजिनाला गरम होणं परवडत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही. हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे का, हे त्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तकावर ठरतं; आजच्या बऱ्याच इंजिनांचे बोल्ट एकदाच ताणायचे असतात, त्यांना पुन्हा पाना लावायचा नसतो.

आता रस्ता. सावेडीतून निघायला मनमाड रस्ता सर्वांत जवळचा, पण पहिल्या फेरीसाठी तो मी सुचवणार नाही. खड्डे, अवजड वाहनं आणि हंगामात राहुरीकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. विळद घाटात एखाद्या कंटेनरमागे पहिल्या गिअरमध्ये अडकलात तर इंजिन नुसतं तापतं. त्यापेक्षा सकाळी लवकर शेंडीमार्गे छत्रपती संभाजीनगर रस्त्याला लागा. जेऊर, इमामपूर घाट, पांढरीपूल, घोडेगाव आणि परत. सपाट पट्टा आहे, चढ आहे, उतार आहे. जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर. पुणे रस्त्यावर कामरगावचा घाट आहे, तोही चालेल, पण केडगाव ओलांडेपर्यंतच वेळ जातो.

पद्धत अशी. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, मागचं-पुढचं बघून, तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवर असताना ॲक्सिलरेटर अर्धा ते पाऊण दाबा. गाडी ६५-७० पर्यंत जाऊ द्या. मग पाय काढा, गिअर तसाच ठेवा, ब्रेक न लावता वेग चाळीसवर येऊ द्या. दाबताना रिंग भिंतीला चिकटते, सोडताना तिला विश्रांती मिळते आणि पेट्रोल इंजिनात वर खेचलं गेलेलं ऑइल झिजलेले कण धुऊन नेतं. असं आठ-दहा वेळा, मध्ये दोन-चार मिनिटं साधं चालवत. पेट्रोलला ३५०० आणि डिझेलला २५०० आरपीएमच्या वर या दिवशी जायचं नाही. इमामपूरच्या चढाला योग्य खालचा गिअर, इंजिन कुंथायला नको. गाडीत दोघंच असा. सगळं घर आणि डिकीभर सामान नंतर कधीतरी. मे महिन्याच्या दुपारी हा उद्योग करू नका. टर्बो असेल तर घरी आल्यावर मिनिटभर आयडल देऊन मग चावी फिरवा.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, शंभर किलोमीटरच्या आत, पहिलं ऑइल आणि फिल्टर काढून टाका. बांधणीचं वंगण, होनिंगची भुकटी, रिंगांची पहिली झीज, सगळं त्यात आलेलं असतं. दुसरं ऑइल पाचशेला, तिसरं दीड हजाराला. या काळात बहुतेक इंजिन बांधणारे साधं मिनरल ऑइल पसंत करतात, आणि मलाही ते पटतं. ग्रेड मात्र पुस्तिकेतलीच. घर्षण कमी करणारी बाटलीतली औषधं आता नकोत, कारण सध्या थोडं घर्षणच हवं आहे. जुना फिल्टर फेकण्याआधी मिस्त्रीला तो कापायला सांगा. बारीक राखाडी चमक चालते. चुंबकाला न चिकटणारे तांबूस किंवा चंदेरी पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचे आहेत, तिथंच थांबा. डिझेलचं ऑइल मात्र पहिल्याच दिवशी काळं पडतं. त्यानं घाबरू नका.

पाचशेनंतर मर्यादा हळूहळू उठवत जा. हजाराला गाडी नेहमीसारखी, दीड हजारानंतर पूर्ण भारानं. सीएनजी किट असेल तर सुरुवातीचे हजार किलोमीटर जास्त करून पेट्रोलवर काढावेत, असं माझं मत. सीएनजी कोरडा जळतो, घासलेल्या व्हॉल्व्हना त्याची उष्णता जास्त सोसावी लागते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतूनही येतं, याचा अभिमान जरूर बाळगा, पण जुन्या गाडीचं इंजिन उतरलेलं असतानाच पेट्रोलचे रबरी पाइपही बदलून घ्या. एअर फिल्टर नवा हवाच, आणि त्याच्या पाइपाची क्लिप सैल नाही ना, हे स्वतः हात लावून बघा. काम चालू असलेल्या रस्त्यांवरची धूळ तिथूनच आत जाते.

धूर बघायला शिका. पहिल्या दिवशी थोडा निळसर धूर येणार, तो कमी होत जायला हवा. सकाळी स्टार्ट करताना एकदाच भपकारा आणि नंतर काही नाही, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. चढाला दाबल्यावर निळा धूर, तर रिंगा बसलेल्या नाहीत. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. दीड हजाराला कंप्रेशन मोजून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. तो कागद जपून ठेवा.

कागदांवरून आठवलं. बोअर किती ओव्हरसाइझ झालं, क्रँक किती घासली, बेअरिंग कोणत्या मापाची, रिंगा कोणत्या कंपनीच्या, हे सगळं बिलावर लिहून घ्या. पुढच्या मिस्त्रीला ते लागतं. ब्लॉक दुरुस्त होण्यासारखा नव्हता म्हणून कुणी बाहेरून "हाफ इंजिन" आणून बसवलं असेल तर आणखी काळजी घ्या. त्या ब्लॉकवरचा इंजिन नंबर तुमच्या आरसीवरच्या नंबराशी जुळणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. त्या इंजिनाची खरेदीपावती नसेल तर ते घेऊच नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. अपघाताच्या दाव्यात किंवा गाडी विकताना हा प्रश्न निघतोच.

आणि एक छोटी वही गाडीत ठेवा. दर आठवड्याला सकाळी, थंड इंजिन, सपाट जागा, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा घालून बघायची. किलोमीटर, पातळी आणि किती ऑइल घातलं ते लिहायचं. पहिल्या दोन हजारांत थोडं ऑइल कमी होणं साहजिक आहे. तीन हजारांनंतरही दर हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त लागत असेल, तर "अजून रुळतंय" हे उत्तर मान्य करू नका; गॅरेजनं दिलेल्या गॅरंटीची मुदत संपण्याआधी ती वही आणि कंप्रेशनचा कागद घेऊन मिस्त्रीकडे जा.